गॅस्ट्रिक बँड बसवल्यावर: घास, फिल आणि घरचा आग्रह

बँड बसवून घरी गेलेल्या माणसाचा पहिला फोन येतो तो बहुतेक वेळा यादीसाठी. "मॅडम, मला काय काय चालेल, एवढं लिहून द्या." यादी मिळते, फ्रिजवर चिकटते आणि महिन्याभरात तिच्यावर आमटीचे डाग पडतात. आहारतज्ज्ञ म्हणून याद्या मीही देते. पण बँड आत नेमकं काय करतो हे ज्यांना कळलेलं असतं, त्यांना यादी फारशी लागत नाही. म्हणून आधी तेच सांगते.

बँड म्हणजे वजन उतरवण्यासाठी बसवलेलं सिलिकॉनचं कडं. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून ते जठराच्या वरच्या टोकाला बसवतात, अन्ननलिका जठराला मिळते त्याच्या जरासं खाली. कड्याच्या वर जठराचा छोटा कप्पा उरतो, १५ ते ३० मिलीचा. म्हणजे एक-दोन मोठे चमचे मावतील एवढाच. कड्याच्या आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबसारखी पोकळ पिशवी असते. तिच्यापासून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली शिवलेल्या छोट्या डबीपर्यंत येते, तिला पोर्ट म्हणतात. पोर्टमध्ये सुईने सलाईन भरलं की कडं आवळतं, काढून घेतलं की सैल होतं. जठराचा तुकडा काढत नाहीत, आतड्याचा रस्ताही बदलत नाहीत.

नीट चावलेला छोटा घास या कड्यातून सावकाश खाली सरकतो. सरकताना जठराच्या त्या वरच्या भागावर दाब येतो आणि तिथल्या नसा मेंदूला कळवतात की झालं, पुरे. बँडचं काम एवढंच: थोडक्यात भूक भागवणं आणि पुढच्या जेवणापर्यंत ती भागलेली ठेवणं. अन्न अडवून धरणं हे त्याचं काम नाही. "दोन घासांनंतर अडकतं, म्हणजे बँड मस्त काम करतोय" असं कौतुकाने सांगणारे पेशंट मला दर महिन्याला भेटतात. अडकणं हा बिघाड आहे. एक तर घास चुकला, नाही तर बँड जास्त आवळलाय.

पहिले सहा आठवडे

या काळात वजनाचा काटा विसरा. कडं जागेवर पक्कं बसणं आणि आतल्या जखमा भरणं एवढंच महत्त्वाचं. आत्ता जोराच्या उलट्या झाल्या तर कडं सरकू शकतं, म्हणून खाणं टप्प्याटप्प्याने वाढवतात. साधारण दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून घट्ट अन्न. तुमच्या सर्जनचं वेळापत्रक यापेक्षा वेगळं असेल तर तेच पाळा.

पातळ म्हणजे गाळलेलं कढण, ताक, भाज्यांचं गाळीव सूप, पातळ नाचणीची आंबील, साय काढलेल्या दुधात डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर. घोट घोट घ्यायचं. पेला तोंडाला लावून रिकामा करायचा नाही. पुढच्या टप्प्यात मुगाचं घोटलेलं वरण, मिक्सरमधून काढलेला दुधी, कुस्करलेलं पनीर, मऊ उकडलेला मासा. गुरगुट्या भात चालतो, पण त्यावरच पोट भरू नका. त्यात प्रथिनं नावालाच असतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कडकडून भूक लागायला लागते आणि घरात कुजबुज सुरू होते, ऑपरेशन वाया गेलं की काय. नाही गेलं. या वेळी बँड रिकामा किंवा जवळजवळ रिकामा असतो. तो अजून कामाला लागलेलाच नाही.

मधुमेह असेल तर एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळा. खाणं एकदम कमी झालेलं असतं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या जुन्याच डोसने चालू राहिल्या तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घरी सोडतानाच नवा डोस लिहून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तेच.

पहिलं फिल

साधारण चार ते सहा आठवड्यांनी पहिल्यांदा सलाईन भरतात. याला सगळे फिलच म्हणतात. लोक याला ऑपरेशनपेक्षा जास्त घाबरतात, म्हणून काय होतं ते सविस्तर सांगते.

तुम्हाला टेबलावर उताणं झोपवतात आणि मान किंवा पाय जरासे उचलायला सांगतात, म्हणजे पोटाचे स्नायू ताणले जाऊन पोर्ट हाताला लागतो. डॉक्टर तो दोन बोटांत पकडतात, कातडी पुसतात आणि सुई सरळ आत घालतात. रक्त तपासायला देताना टोचतं तेवढंच टोचतं. सुई पोर्टच्या तळाला टेकली की आत 'टक्' झाल्यासारखं जाणवतं. मग आधी आतलं सलाईन ओढून किती आहे ते बघतात, आणि ठरलेलं परत भरतात. काही ठिकाणी हे सगळं एक्स-रेच्या पडद्यावर बघत करतात. एका वेळचा बदल छोटा असतो, बहुधा अर्धा ते एक मिली.

त्यानंतरची पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. उठून बसा आणि एक पेला पाणी घोटाघोटाने प्या. पाणी छातीत साठल्यासारखं वाटलं किंवा परत वर आलं, तर थोडं सलाईन तिथल्या तिथे काढून घ्यायचं. ही पाण्याची परीक्षा दिल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका, रिक्षा खाली थांबलेली असली तरी. पुढचा दिवस-दोन दिवस पातळ, मग मऊ, मग नेहमीचं. शुक्रवारी फिल घेऊन शनिवारी लग्नाला जाण्याचा बेत नको.

ही सुई वेगळी असते. हिला ह्यूबर सुई म्हणतात. तिचं टोक असं असतं की पोर्टच्या रबरी पडद्याला भोक राहत नाही. साध्या इंजेक्शनच्या सुईने पडदा गळायला लागतो. त्यामुळे ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांनी प्रेमाने "आण, मी काढून देतो" म्हटलं तरी हात जोडा. आणि या पोर्टमधून औषध देत नाहीत. तो शिरेला जोडलेला नसतो, हे अनोळखी हॉस्पिटलात आपण होऊन सांगा.

किती भरायचं याचा ठरीव आकडा नाही. बऱ्याच दवाखान्यांत भिंतीवर पिवळा-हिरवा-लाल असा तक्ता असतो. जेवल्यावर दोन तासांत परत भूक, मोठाले घास सहज जातात, वजन हलत नाही, म्हणजे पिवळा. थोडं भरायला हवं. अर्ध्या-एक वाटीत समाधान आणि चार-पाच तास शांतता, म्हणजे हिरवा. हात लावू नका. घास अडकतात, छातीत जळजळ, रात्री झोपेत खोकला, आणि फक्त आइस्क्रीम-बिस्किटं तेवढी खाली उतरतात, म्हणजे लाल. सैल करून घ्या. लालमध्ये गेलेल्या माणसाचं वजन गंमत म्हणजे पुष्कळदा वाढतं. पोळी-भाजी जात नाही म्हणून तो मऊ आणि गोड खायला लागतो. "अजून थोडं आवळा ना" अशी विनवणी घेऊन येणाऱ्यांना मी आधी विचारते, गेल्या आठवड्यात भाकरी किती वेळा खाल्लीत?

आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरत असेल तर गाडी रुळावर आहे. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) किंवा बायपास (जठर छोटं करून आतड्याचा रस्ता बदलणं) केलेल्या ऑफिसातल्या सहकाऱ्याशी तुलना करू नका. बँडने वजन त्यांच्यापेक्षा हळू उतरतं.

ताट

छोटी ताटली घ्या, चहाच्या बशीपेक्षा थोडी मोठी. त्यात अर्धी वाटी मोडाच्या मटकीची उसळ, रस अंगाबरोबर. शेजारी चतकोर ज्वारीची भाकरी आणि दोन चमचे भाजी. भाकरीचा तुकडा शेंगदाण्याएवढा तोडा, उसळीच्या रसात बुडवा, तोंडात घाला, हात ताटापासून बाजूला घ्या. वीसेक वेळा चावा, पार लगदा होईपर्यंत. गिळा आणि थांबा. तो घास कड्यातून खाली जायला मिनिटभर लागतं. तोवर दुसरा घालायचा नाही. अर्धी वाटी जेवायला वीस मिनिटं लागली पाहिजेत. टीव्ही बंद, मोबाइल उलटा. मुंबईच्या लोकलसाठी धावत पाच मिनिटांत डबा संपवणाऱ्यांना हे सगळ्यात जड जातं, आणि अडकण्याच्या तक्रारीही मी त्यांच्याकडूनच जास्त ऐकते.

आधी प्रथिनं, मग भाजी, मग जागा उरली तर पोळी, भाकरी, भात. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, १०० ग्रॅम शिजलेल्या माशात २० च्या आसपास. शाकाहाऱ्यांना हा हिशेब जुळवताना दमछाक होते, म्हणून उसळ, पनीर, दही, सोया रोज आलटून पालटून लागतंच. मासे खाणाऱ्यांचं नशीब चांगलं. कालवणातला पापलेट किंवा ताजा बोंबील बँडला फार मानवतो. कोरडं चिकन आणि मटणाचे रेषाळ तुकडे मात्र हमखास अडकतात.

अडकणाऱ्यांत पहिला नंबर पावाचा. मऊ वाटतो, पण आत जाऊन त्याचा चिकट गोळा होतो. वडापाव आणि पावभाजी खायचीच असेल तर वडा खा, भाजी खा, पाव सोडा. ताजी मऊ पोळीही तशीच. कडक भाजलेला फुलका बरा. साबुदाण्याची खिचडी, शेवग्याच्या शेंगा, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, संत्र्याच्या पाकळीवरची साल, मक्याचे दाणे, यांच्याशी सावधपणे वागा. प्रत्येकाचा बँड वेगळा, त्यामुळे एकाला चालतं ते दुसऱ्याला चालत नाही. नवीन पदार्थ घरी, निवांत वेळी खाऊन बघा.

सकाळी बँड जास्त घट्ट वाटतो, काही बायकांना पाळीच्या दिवसांत आणि बऱ्याच जणांना ताणाच्या काळात किंवा विमानात. सकाळी दही किंवा मऊ धिरडं, आणि भाकरी दुपारी, असा बदल त्यावर पुरतो.

जेवताना पाणी नाही. जेवण झाल्यावर अर्धा-एक तास थांबा. घोटाबरोबर घास धुऊन खाली गेला तर पोट भरल्याची जाणीवच होत नाही. सोडा आणि कोल्ड्रिंक नकोच.

पातळ गोड

बँडला फसवणं सोपं आहे, आणि मराठी स्वयंपाकघरात त्याची सगळी सोय आहे. बासुंदी, आमरस, श्रीखंड, पीयूष, दुधात कुस्करलेली पुरणपोळी. यातलं काहीही कड्यापाशी थांबत नाही, सरळ खाली उतरतं. वाटीवर वाटी घेतली तरी पोट भरत नाही. मे महिन्यात वजन का थांबलं हे विचारायला आलेल्या माणसाला मला काही विचारावंच लागत नाही.

चहा तर कुणी खाण्यात धरतच नाही. दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे. नुसत्या साखरेच्याच १३० ते १५० कॅलरी, दूध वेगळं. साखर बंद करा किंवा कप कमी करा. वरण-भात पळीभर आमटी घालून सरसरीत कालवायची सवयही बदला. वरण घट्ट, भात थोडा, कालवण कमी. अन्न ओलसर हवं, वाहणारं नको. हा फरक हाताला कळायला थोडे दिवस लागतात.

उपासाला साबुदाणा आणि बटाटा टाळून भगर, राजगिरा, ताक, दही असं ठेवता येतं. निर्जळी उपास मात्र नको. बँडवाल्या माणसाला एकदम पाणी पिऊन दिवसभराची तूट भरता येत नाही.

अडकलं तर

छातीच्या मध्यभागी दाटतं, तोंडात चिकट लाळ सुटते, कधी पाठीत कळ येते. लगेच खाणं थांबवा. वरून पाणी ओतू नका. ते अडकलेल्या घासावर साठतं आणि सगळंच वर येतं. घशात माशाचा काटा अडकला की आपल्याकडे केळं किंवा भाताचा गोळा गिळायला देतात. इथे ते अजिबात करायचं नाही. उभं राहा, खोलीत फेऱ्या मारा, लाळ थुंकत राहा. बहुतेक वेळा थोड्या वेळात घास सुटतो. बोटं घालून उलटी काढू नका. जोराच्या उलट्यांनी कडं घसरतं.

घास सुटल्यावरही आत सूज असते. त्यानंतर दिवसभर पातळच घ्या, नाही तर संध्याकाळी पुन्हा तेच.

घरचे आणि पंगत

"एवढंसंच जेवलीस? पोरी, अंगात ताकद कुठून येणार?" हे रोज ऐकावं लागतं, आणि बोलणारं माणूस मायेचंच असतं, म्हणून तोडूनही बोलता येत नाही. केळवण, डोहाळजेवण, बारसं; वाढणारा हात थांबत नाही. मी एक युक्ती सांगते. "नको" म्हणू नका, "डब्यात द्या" म्हणा.

"अगं, एक तरी घे, माझ्या हातची आहे."

"मावशी, म्हणूनच घाईत नाही खायची. दोन डब्यात द्या, उद्या सावकाश खाते."

मावशी खूश, तुम्हीही मोकळ्या. ऑपरेशनचं सगळ्यांना सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न. पण रोज तुमच्याबरोबर जेवणाऱ्या एकाला तरी अडकण्याचं आणि दवाखान्याच्या नंबराचं माहीत असायलाच हवं.

गोळ्या, केस, पाळी

मोठ्या गोळ्या अडकतात. पातळ औषध किंवा छोटी गोळी मिळते का विचारा. दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळ्या कुटून घ्यायच्या नसतात, एकदम सगळं औषध अंगात जातं. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सर्जनला विचारल्याशिवाय नकोत, जठराला इजा होते. मल्टिव्हिटॅमिन रोज, बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम रक्त तपासून.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. वजन झपाट्याने उतरलं की होतं तसं, आणि प्रथिनं पुरेशी असतील तर परत येतात. वजन झरझर उतरताना पित्ताशयात खडेही होऊ शकतात. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तर सोनोग्राफी करून घ्या.

वजन उतरलं की पीसीओएस (बीजकोशांचा हार्मोनचा त्रास, ज्यात पाळी अनियमित होते) असलेल्या बायकांची पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. ऑपरेशननंतर साधारण वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायला सांगतात, तेव्हा साधनांचं आधीच डॉक्टरांशी बोला. दिवस राहिलेच तर बँड सैल करता येतो, आणि बँडची ही खरी सोय आहे.

थांबायचं नाही अशी लक्षणं

स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नाही, घोटभर पाणीही खाली जात नाही, पोटात वर अचानक जोराची कळ येते आणि उलट्या थांबत नाहीत. असं झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. कडं घसरून जठराचा भाग त्यात अडकलेला असू शकतो. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य असं: "मला गॅस्ट्रिक बँड आहे, आधी तो रिकामा करा." कितीतरी वेळा एवढ्यानेच आराम पडतो.

चार-पाच दिवस उलट्या चालल्या असतील तर बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते. नजर दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं ही तिची लक्षणं. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी-१ द्यायला हवं, हे सोबतच्या माणसाने डॉक्टरांना आठवण करून द्यावं.

काही बिघाड मात्र गाजावाजा न करता होतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पोर्टवरची कातडी लाल होऊन दुखायला लागली, किंवा एकाएकी भरपूर जेवण जायला लागलं, तर खूश होऊ नका. कडं जठराच्या भिंतीतून आत शिरत असण्याची शक्यता असते. ते एंडोस्कोपीत दिसतं. भरलेलं सलाईन पुढच्या वेळी कमी निघालं तर नळी किंवा पोर्ट गळतोय. रात्रीचा खोकला अंगावर काढू नका. वर आलेलं अन्न फुप्फुसात जातं.

कागद

१९९३ मध्ये बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी दुर्बिणीतून असा बँड पहिल्यांदा बसवला, २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, आणि पुढची काही वर्षं ऑस्ट्रेलियात, युरोपात, अमेरिकेत त्याची चलती होती. आता स्लीव्ह आणि बायपासने त्याची जागा घेतली आहे. अमेरिकेत वजनाच्या शस्त्रक्रियांमध्ये बँडचा वाटा एक टक्क्याहूनही कमी उरलाय. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की बँड हाताळणारे सर्जन कमी होत चाललेत. मेलबर्नला किंवा लंडनला बँड बसवून पुण्यात परतलेल्यांना हे लगेच जाणवतं. शहर बदलण्याआधी तिथला सर्जन शोधा, त्याच्याकडे ह्यूबर सुई असते का हे फोनवरच विचारा.

ऑपरेशनची नोंद, बँडची कंपनी आणि मॉडेल, त्यात जास्तीत जास्त किती मिली मावतं (मॉडेलप्रमाणे ४ पासून १४ मिलीपर्यंत), आणि प्रत्येक फिलची तारीख व आकडा, हे एका वहीत ठेवा. वहीचा फोटो मोबाइलमध्ये, बँडचं कार्ड पाकिटात. एमआरआय, एंडोस्कोपी किंवा कुठलंही भूल देऊन होणारं ऑपरेशन असेल तर ते कार्ड आधी दाखवा. एमआरआय बहुतेक बँडना चालतो, पण किती ताकदीच्या मशीनपर्यंत ते मॉडेलवर ठरतं.

पहिल्या वर्षी दर महिना-दोन महिन्यांनी आणि नंतर सगळं ठीक असलं तरी वर्षातून एकदा तपासणी. बँड बसवला तेव्हा कुणी स्पष्ट सांगितलं नसेल तर आता सांगते: बऱ्याच जणांचा बँड काही वर्षांनी काढावा लागतो, किंवा त्याच्या जागी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. काढला की भूक परत येते, वजनही बहुधा चढायला लागतं. म्हणून काढण्याची तारीख घ्यायच्या आधीच सर्जनना विचारा, नंतर काय करायचं. स्लीव्ह किंवा बायपास करायचं असेल तर लगेच की काही महिन्यांनी, आणि मधल्या काळात औषधं आणि आहार कोण बघणार.